मोरघारीचे बिऱ्हाड

लोणावळ्याकडे जाणारी गाडी पिंपरीच्या पुढे सरकली आणि मी खिडकीतून डोके बाहेर काढले. एका अंगाला निर्वासितांच्या बराकी, दुसऱ्या अंगाला नव्या कारखान्याच्या अर्ध्या उठलेल्या भिंती, आणि मधल्या माळावर वीटभट्ट्यांचा धूर. चिंचवड स्टेशनच्या कुंपणावर चुन्याने ‘संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ असे लिहिलेले. त्याच्याच खाली बैलगाडी सोडून गाडीवान विडी ओढत बसला होता. मी एकटीच उतरलेली पाहून त्याने विचारले, “रावेतला कुणाकडं जायचं, बाई?”

“मोरघारीकडे,” मी म्हणाले.

तो हसला नाही. “मंग सरूबाईच्या मळ्यात सोडतो,” म्हणाला.

कोल्हापूरच्या मुलींच्या शाळेत मी सृष्टिविज्ञान शिकवते. घार, गिधाड, ससाणा मुलींना फळ्यावर काढून दाखवता दाखवता बारा वर्षे गेली. पण पिलांना वाढवणारी मोरघार (गरुडाच्या जातीचा मोठा शिकारी पक्षी) मी स्वतः कधी जवळून पाहिली नव्हती. रावेतच्या शाळेतल्या मास्तरांची आणि माझी एका शिक्षक-शिबिरात ओळख झाली होती. पवनेकाठी मोरघारीने दोन पिले काढली आहेत आणि सरूबाई नावाच्या बाईंकडे तुमची राहण्याची सोय होईल, असे त्यांचे कार्ड आले. मी शिमग्याच्या सुटीला जोडून चार दिवसांची रजा टाकली आणि निघाले.

सरूबाई पन्नाशीच्या, एकट्या राहणाऱ्या, काटक बाई. नदीकाठी वांगी-मिरचीचा मळा, एक म्हैस आणि अंगणभर कोंबड्या. मी कशासाठी आले ते ऐकून त्यांनी पाण्याचा तांब्या ठेवला आणि कमरेवर हात दिले.

“त्या कोंबडीचोराला बघाया कोल्हापुराहून आलात व्हय? आवंदा चार कोंबड्या न्हेल्या तिनं माज्या. मास्तरानं आदी सांगितलं असतं तर आलात त्या वाटेनं परत धाडलं असतं तुमास्नी.”

पण जेवायला वाढताना त्यांचा हात सढळ होता. आंबेमोहोर तांदळाचा भात, चुलीत भाजलेल्या वांग्याचे भरीत, आणि वर माडगे (हुलग्याच्या पिठाची पातळ आमटी). त्या माडग्याची चव अजून जिभेवर आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी उताराने (नदी पायी ओलांडायची जागा) मी पुनावळ्याच्या बाजूला गेले. पाणी गुडघाभर होते, तरी एका शेवाळलेल्या दगडाने मला बसवलेच. काठावर सादड्याचे एक जुने झाड होते. त्याच्या वरच्या बेचक्यात काटक्यांचा पलंगाएवढा ढीग, आणि त्याच्या कडेवरून एक पांढुरके डोके माझ्याकडे बघत होते. पिलू एकच होते. मोरघारीच्या घरट्यात मोठे पिलू धाकट्याला पुष्कळदा जगू देत नाही. हे मला ठाऊक होते, तरी दुसरे डोके दिसेल म्हणून मी बराच वेळ वाट पाहिली.

आई आली, पण उतरेना. वर घिरट्या घाली आणि निघून जाई. असे दोन तास चालले. पिलू ओरडून दमले. मी झुडपाआड अगदी निश्चल बसले होते. माझे काय चुकते ते कळेना. तेवढ्यात सरूबाई पाणी वाजवत उतार ओलांडून आल्या.

“बाई, ते पांढरं पातळ! कोसावरनं दिसतंय. तिला काय डोळे न्हाईत?”

त्यांनी मला घरी नेले, आपले हिरवे लुगडे नेसवले, आणि माझा अवतार पाहून पोट धरून हसल्या. मग “कशी उतरती बगू तरी” म्हणत स्वतःही माझ्याबरोबर आल्या.

पाव तासात मोरघार उतरली. पाठ गर्द तपकिरी, पोट पांढरे, त्यावर बारीक काळ्या रेघा, आणि थेट बोटांपर्यंत पिसांची तुमान. पायात तित्तिर होता. ती तित्तिराचे लहान लहान तुकडे तोडून इतक्या हलक्या चोचीने भरवत होती की सरूबाई पुटपुटल्या, “बाळंतिणीवाणी करतीया.” उन्हे चढली तेव्हा तिने पंख अर्धे उघडले आणि पिलावर सावली धरून उभी राहिली. धापांनी तिची स्वतःची चोच उघडी पडली होती. सरूबाईंना मळ्यातले तण भांगलायला जायचे होते; त्या दुपारपर्यंत हलल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी मी आणि सरूबाई पोचलो तो झाडाखाली चौघेजण कुऱ्हाडी पाजळत बसलेले. सादडा वीटभट्टीला विकला गेला होता. त्यांचा म्होरक्या धोंडू, उंचापुरा, मानेवर रुळणारे पागोटे. मी त्याला पिलू दाखवले आणि पंधरा-वीस दिवस थांबायला सांगितले.

“बाई, तुमचं खरं हाय. पर आमी न्हाई तोडलं तर उद्या दुसरं येत्याल. त्यास्नी कुणी सांगायचं?”

त्याच्या बोलण्यात मग्रुरी नव्हती. म्हणूनच मला वाद घालता येईना. मी म्हणाले, “मग आधी पिलू खाली आणा. ते आपण दुसऱ्या झाडावर ठेवू. आईला दिसेल अशा जागी.”

“आन् आई येईल तितं?”

“येईल,” मी म्हणाले. आवाज वर्गातला होता. पुस्तकांतून वाचले होते. केलेले कधी नव्हते.

पण दुसरे उंच झाड कुठले? त्या काठाला सगळे छाटलेले. अलीकडच्या काठाला, सादड्याच्या बरोबर समोर, एकच उंच आंबा होता आणि तो सरूबाईंच्या अंगणावर झुकलेला. आम्ही तिघेही त्याच्याकडे पाहू लागलो. काय मागायचे ते मला कळत होते. पण त्याच्याच खाली अंगणात सरूबाईंच्या कोंबड्या चरत होत्या.

सरूबाई उताराकडे वळल्या. थोड्या वेळाने परत आल्या त्या डोक्यावर डालगे (कोंबड्या झाकायची बांबूची मोठी टोपली) घेऊन.

“माज्या कोंबड्यांचं मी बगीन,” त्या धोंडूला म्हणाल्या. “चढ तू.”

धोंडू घोंगडी घेऊन चढला. तो बेचक्यापाशी पोचतो न पोचतो तोच मोरघार पंख मिटून वरून कोसळली. तिने त्याचे पागोटे उचलले आणि नदीत टाकले. धोंडू फांदीला मिठी मारून ओरडला, “आगं आये, तुझंच काम करतोय!” मग पिलू घोंगडीत गुंडाळून खाली आले. तेवढ्यातही त्याने धोंडूच्या मनगटात नख रुतवलेच. उतार ओलांडून घरी आल्यावर मी त्यावर हळद दाबली. तसाच तो आंब्यावर चढला, डालगे सुंभाने घट्ट आवळले, घरट्यातल्या काटक्या आत अंथरल्या आणि पिलाला बसवले. दुपारी सादडा पडला.

त्यानंतरची दुपार फार लांबली. मोरघार मोकळ्या झालेल्या आभाळात फिरत राहिली. पायात घूस घेऊन ती पडलेल्या खोडावर बसली, उठली, पुन्हा बसली. आमच्या काठाकडे तिने पाहिलेसुद्धा नाही. डालग्यातले पिलू घाबरून चिडीचूप होते. ते ओरडत नव्हते म्हणून ती येत नव्हती. दिवस मावळला. सरूबाईंनी भाकरी थापली, पण ती टोपल्यातच राहिली. धोंडू घरी न जाता ओट्यावर बसून होता.

चौथ्या दिवशी, उजाडता उजाडता, भुकेने कासावीस झालेले पिलू ओरडले. एकदा, दोनदा, मग सारखेच. नदीपलीकडून उत्तर आले. मी अंगणात धावले तेव्हा आंब्याची फांदी हलत होती. मोरघार डालग्याच्या काठावर उभी होती आणि तिच्या पायात सरूबाईंची तांबडी तलंग (अजून अंडी न घालणारी कोंबडी) होती. डालगे झाडावर गेल्यामुळे बिचारी रात्रभर उघड्यावर राहिली होती.

मी भीतभीत सरूबाईंकडे पाहिले. त्यांनी मोरघारीला दोन सणसणीत शिव्या हासडल्या. मग पदर तोंडाला लावून खाली बसल्या. हसतायत की रडतायत, कळेना. “भरवतीया,” धोंडू म्हणाला. “वैनी, भरवतीया बगा.”

त्याच दुपारी मी परतीची गाडी धरली. धोंडू स्टेशनपर्यंत पेटी घेऊन आला. चैत्रात मास्तरांचे कार्ड आले. पिलू उडाले होते, पहिल्या दिवशी जेमतेम नदीपार आणि आठवड्यात घोरवडेश्वराच्या डोंगराकडे.

वर्गात मी ही हकिकत सांगितली. सगळे ऐकून झाल्यावर एक मुलगी उभी राहिली. “बाई, आई आलीच नसती तर?”

“तर रजा वाढवली असती. पिलाला हाताने भरवले असते,” मी म्हणाले. साऱ्या वर्गाला हसू लोटले.

मुलींना वाटले, बाई गंमत करतात. पण त्या पहाटे, पिलू ओरडण्याआधी, सरूबाईंच्या उंबऱ्यावर बसून मी मुख्याध्यापिकांना एक महिन्याच्या रजेचा अर्ज पेन्सिलीने लिहून काढला होता. कारणाच्या जागी ‘घरगुती अडचण’ लिहिले होते, आणि ते लिहिताना आपण खोटे लिहितो आहोत असे मला मुळीच वाटले नव्हते.