फळीचा बुडखा

बनूबाई बारवी धरणाच्या अंगाच्या ठाकूरवाडीची. अंबरनाथला आमच्या खोक्यांच्या कारखान्यात ती खिळे काढते. परदेशी मशिनांबरोबर आलेली जुनी खोकी फोडायची, खिळे उपटायचे, फळ्या रचायच्या. दिवसाला साठ फळ्या, आणि एकही चिरत नाही. मी तिथे अडतीस वर्षं सुतारकाम केलं. आता निवृत्त आहे, पण सकाळी दोन तास करवतींना धार लावायला जातो. म्हणून हे सगळं माझ्यासमोर झालं.

गेल्या मे महिन्यात ती लंगडत होती. दोन्ही टाचा फुटलेल्या, भेगेत खिळा उभा राहील एवढ्या. लावणी पाच आठवड्यांवर. वाडीत बायका एकमेकींच्या शेतात राबतात. जी चिखलात उभी राहिली नाही, तिच्या शेतात कोणी येत नाही. म्हणजे वर्षाचा भात गेला.

"राळेचं मलम लाव," मी म्हटलं.

"लावलं नसतं का? साळई कुठं ऱ्हायली? रस्ता केला त्यात तोडली."

तिच्या आईच्या वेळेपासून वाडीचं मलम त्या एका झाडावर चाललं होतं. दुकानातली राळ तिने आणली होती. वास बघून परत केली.

दहाच्या उन्हात एका फळीची गाठ पाझरली. पिवळा, चिकट थेंब. बनूबाईने तो बोटावर घेतला, हुंगला आणि जिभेला लावला.

मालकाचा मुलगा अल्पेश ओरडला, "मिस्तरी, देखो! मावशी माल चाटतेय!"

"कंचं झाड हं?" तिने मला विचारलं.

"स्प्रूस. बर्फाच्या मुलखातलं." मला एवढंच ठाऊक.

अल्पेशने मोबाइलवर शोधलं. तिकडची माणसंही म्हणे हा चीक लोण्यात कढवून जखमांना, भेगांना लावत आली. मला वाटलं, प्रश्न सुटला.

"मेल्या झाडाची राळ घ्यायची नाय," बनूबाई म्हणाली. "उभ्या झाडाला तांदूळ ठेवायचं, इचारायचं, मंगच."

"मेलेलंच आहे. हा शिक्का बघ, गव्हाची लोंबी आणि बाजूला एचटी. भट्टीत तापवलंय, आत किडासुद्धा जगू नये म्हणून. विषारी धुरी दिलेल्यावर अक्षरं वेगळी असतात."

"मंग पाझरतंय कसं?"

तापवलेलं लाकूड मी आयुष्यभर कापलं, पण असं कोणी विचारलं नव्हतं.

"उभं करा त्याला, मिस्तरी. बुडखा खाली ठेवा."

फळीचा बुडखा कुठला? आंबा, साग कापताना गाठीचा कल बघायचा. फांदी वर जाते, म्हणून गाठही वर कलते. मी फळी तीनदा फिरवून पाहिली. पेन्सिलीने शेंड्याकडे बाण काढला आणि ती भिंतीला उभी केली. तिने चार दाणे ठेवले, पुटपुटली आणि नखाने राळ खरवडली. दोन आठवड्यांत काडेपेटीभर जमली.

ती तिने आमसुलाच्या तेलात कढवली, फडक्यातून गाळली. मग परातीत पाणी घालून तळव्याने फेटायला बसली. पाणी ओतून द्यायचं, नवं घ्यायचं, पुन्हा फेटायचं.

"किती वेळा पाणी बदलायचं?"

"शंबर."

मी मोजत बसलो. अठ्ठ्याहत्तराव्याला उठलो, नुसतं बघून माझं मनगट भरलं. ती थांबली नाही. मलम लोण्यासारखं पांढरं झालं.

जुलैत मी मुद्दाम वाडीवर गेलो. बनूबाई चिखलात उभी होती. डावा पाय उघडा. उजव्याला प्लास्टिकची पिशवी, वर सुतळी. बांधावर येऊन तिने दोन्ही टाचा दाखवल्या. डावी पूर्ण भरली होती. उजवी होती तशीच.

"एकाच डब्यातलं मलम?"

"येकाच. येकाच हातानं, येकाच वखताला."

तिची जाऊ अंजनी चिखलातून म्हणाली, "झाड अर्धंच मेलेलं असंल!"

बायका हसल्या. बनूबाई हसली नाही. "मिस्तरी, फळी उलटी तं नव्हती ना?"

"अडतीस वर्षं लाकूड कापलंय मी."

दुसऱ्या दिवशी अल्पेशला मोबाइलवर स्प्रूसच्या झाडाचा फोटो शोधायला सांगितला. फांद्या खाली लवलेल्या. बुंध्यापासून जवळजवळ शेंड्यापर्यंत.

"हा उलटा नाही ना?"

"काका, आसमान तो ऊपर ही है."

मग बाण चुकला का? की गाठ खोडात वर कलते आणि फांदी बाहेर आल्यावर लवते? ते झाड मी उभं कधी पाहिलेलंच नाही.

तिची लावणी निभावली. एका बऱ्या पायावर ती अकरा दिवस उभी राहिली, तिच्या शेतात सगळ्या आल्या. कामावर परतली तेव्हा मी तिला फोटो दाखवला आणि खरं ते सांगितलं: बुडखा कुठला, मला नक्की सांगता येत नाही.

तिने फोटो बघितला. मग फळी उचलून तिने उलटी उभी केली. पुन्हा चार दाणे ठेवले.

"आता उजव्यासाठी," म्हणाली आणि खिळे काढायला बसली.

माझा बाण आता जमिनीकडे आहे. मी तो पुसलेला नाही. दुसराही काढलेला नाही.