बीपीच्या गोळ्या आणि केनियाची युक्ती

“सुनंदाताई, तुम्हाला लकवा होता होता राहिलाय.”

सरकारी दवाखान्याच्या अपघात विभागात, खाटेच्या कडेला उभ्या राहून डॉक्टर काळे मॅडम हे म्हणाल्या. मी त्यांच्याकडं बघतच राहिले. मला वाटत होतं, सलाईन संपलं की घरी सोडतील. हात हलत होता, पाय हलत होता, बोलताही येत होतं. मग लकवा कुठून आला?

त्यांनी समजावून सांगितलं. या आजाराला ट्रान्झियंट इस्केमिक अ‍ॅटॅक म्हणतात. मेंदूकडं जाणारं रक्त थोडा वेळ अडतं आणि आपोआप सुटतं. सुटलं नाही तर तोच लकवा. “हा इशारा समजा. पुढच्या वेळी इशारा मिळेलच असं नाही,” असं म्हणून त्यांनी माझ्या नवऱ्याकडं बघितलं. “यांना बीपी आहे, माहीत होतं का?”

दिलीप छावणीत मालवाहू टेम्पो चालवतो. तो तसाच, भुशाची पोती वाहिलेल्या कपड्यांत धावत आला होता. तो म्हणाला, “नाय हो मॅडम. तिला कधी साधा ताप नाय.”

खरंच नव्हता. डोकं दुखायचं, पण ते कंपनीतल्या मशीनच्या आवाजानं दुखतं असं मी धरून चालले होते. माझ्या बीपीचा वरचा आकडा त्या दिवशी दोनशेच्या पुढं होता.

मी वाळूजला एका कंपनीत गाड्यांच्या वायरिंगच्या जुड्या बांधते. राहायला जवळच रांजणगावात. वय चाळीस ओलांडलेलं, दोन मुलं शिकतायत. त्या दिवशी पहिल्या शिफ्टला माझ्या शेजारी नेहमीप्रमाणं शबाना होती. तिनं मला काहीतरी विचारलं. मला उत्तर माहीत होतं, शब्दही डोक्यात होता, पण तोंडातून नुसता बोबडा आवाज आला. हातातली जुडी खाली पडली.

शबाना ओरडली, “अरे, इसका मुँह टेढा होरा! गाडी बुलाव, गाडी!”

तिनं सुपरवायझरची वाट बघितली नाही. मला धरून गेटपर्यंत आणलं आणि कंपनीच्या गाडीत बसवलं. तुमच्यासमोर असं कोणाचं तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली, एक हात लुळा पडला, तर चेहऱ्यावर पाणी मारत बसू नका, कांदा हुंगवू नका. शबानानं केलं तेच करा, थेट दवाखाना गाठा.

वाटेत नगर नाक्याजवळ माझी वाचा परत आली. पहिला शब्द निघाला तो “डबा”. माझा जेवणाचा डबा लाईनवरच राहिला होता. शबाना रडत होती, ती एकदम हसायला लागली.

मग तपासण्या. सीटी स्कॅन म्हणजे डोक्याचा आतला फोटो. कॅरोटिड डॉपलर म्हणजे मानेतल्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी, मेंदूकडं रक्त नीट जातंय का ते बघायला. ईसीजी, रक्त, लघवी. प्रत्येक ठिकाणी बाकडं आणि प्रत्येक बाकड्यावर माझ्यासारखीच माणसं. कोणाच्या पायाला साखरेची जखम, कोणाच्या हृदयाच्या झडपेची तक्रार. बाकड्यावर बसून मला पहिल्यांदा कळलं की आम्ही किती आहोत.

घरी सोडताना मॅडमनी दोन गोष्टी बजावल्या. गोळी रोज घ्यायची, आणि बरं वाटलं तरी थांबवायची नाही. “बीपी दुखत नाही, म्हणून माणूस विसरतो,” त्या म्हणाल्या.

मी विसरले नाही. पण गोळ्या संपल्या की आणायला दवाखान्यात सकाळीच जावं लागे. रांग, चिठ्ठी, पुन्हा रांग. तेवढ्यात शिफ्ट बुडायची. दोनदा बुडवली, तिसऱ्या वेळी म्हटलं, पुढच्या आठवड्यात जाऊ. पुढचा आठवडाही तसाच गेला. परत तपासायला गेले तेव्हा आकडा पुन्हा चढलेला.

मॅडम रागावतील या भीतीनं मी आधीच रडायला लागले. त्यांनी खुर्ची पुढं ओढली. “नेमकं कुठं अडतंय ते सांगा.”

मी सांगितलं. आमच्या कंपनीच्या बसमधल्या निम्म्या बायांचं हेच आहे, हेही सांगितलं. त्या ऐकत राहिल्या आणि मग त्यांनी एक नवीनच गोष्ट सांगितली. बीपी, साखर, हृदयाचे, श्वासाचे आजार यांना एनसीडी म्हणतात. म्हणजे असंसर्गजन्य, एकाचे दुसऱ्याला न लागणारे. हे आजार आता सगळ्याच देशांच्या डोक्यावर बसलेत. म्हणून काही देशांनी आणि मोठ्या संस्थांनी मिळून पैसा उभा केला होता आणि आपल्या वाळूज भागासाठीही त्यातला वाटा आला होता. त्यात एक अट होती. पैसा कसा वापरायचा हे ठरवणाऱ्या समितीत रुग्णही हवेत.

“तुम्ही याल?” त्यांनी विचारलं.

“मी? मॅडम, मी लई बोलत नाय.”

“आत्ता केवढं बोललात!”

पहिल्या बैठकीला मी शबानाला सोबत नेलं. एसी खोली, मोठं टेबल, भिंतीवर पडदा, त्यावर दुसऱ्या देशातली माणसं. माझी वेळ आली तेव्हा एकच भीती होती. मधेच पुन्हा वाचा गेली तर? शबानानं टेबलाखालून माझा हात दाबला. मी बोलले. म्हटलं, दवाखाना सकाळी आणि आमची शिफ्टही सकाळी, मग आम्ही यायचं कधी? आमच्या बस थांब्याजवळ संध्याकाळी दवाखाना सुरू करा.

प्रकल्पाच्या दुभाषी मुलीनं ते इंग्रजीत सांगितलं. पडद्यावरचे लोक माना डोलवायला लागले. ठराव झाला. बाहेर येताना माझे पाय जमिनीवर नव्हते. घरी गेल्यावर मी सगळी बैठक दिलीपला उभ्या उभ्या करून दाखवली. तो म्हणाला, “आता खाली बस, नाय तर बीपी वाढंल.”

संध्याकाळचा दवाखाना सुरू झाला आणि साफ फसला.

डॉक्टर येऊन बसायचे, सिस्टर बसायच्या, खुर्च्या रिकाम्या. बसमधून उतरलेली बाई घराकडं पळते. पीठ मळायचं असतं, पाणी भरायचं असतं, पोरं वाट बघत असतात. मीसुद्धा पहिल्या दोन-चार वेळाच गेले. कल्पना माझी आणि मलाच जमेना! समितीत कुजबूज सुरू झाली की इथं लोकांची गरजच दिसत नाही, पुढच्या टप्प्याचा पैसा दुसऱ्या जिल्ह्याला द्यावा. मला झोप लागेना. गरज नाही असं कसं म्हणतात? बसमध्ये चढा आणि मोजा म्हणावं!

त्याच महिन्यात सगळ्या देशांतल्या रुग्णांची एकत्र बैठक होती, पडद्यावरच. काळे मॅडम म्हणाल्या, “काय फसलं ते मोकळेपणानं सांगा. त्यासाठीच बैठक आहे.” मी सांगितलं. लाज वाटत होती, पण सांगितलं.

तेवढ्यात पडद्यावरची एक बाई हात वर करून हसायला लागली. ठसठशीत, डोक्याला पिवळा रुमाल बांधलेला. तिचं नाव ग्रेस. केनियातल्या डोंगराळ भागात चहाची पानं खुडते. तिलाही बीपी. ती भराभरा बोलली आणि दुभाषी मुलगी तिच्यामागं धावत राहिली.

“ग्रेस म्हणतायत, आमच्याकडंही असंच फसलं होतं. दमलेली बाई दवाखान्यात जात नाही. मग आम्ही म्हटलं, बाया आधीच कुठं जमतात ते बघा आणि गोळ्या तिथं न्या.”

“कुठं जमतात तुमच्या बाया?” मी विचारलं.

“बचत गटात.”

मी खुर्चीतून उठलेच. “आमच्यात पण बचत गट हाय!”

दुभाषी मुलीनं ते सांगायच्या आतच ग्रेसला कळलं असावं. तिनं टाळी वाजवली. मग तिनं सगळं उलगडून सांगितलं. गटातल्या बायांना बीपी मोजायला शिकवायचं. डॉक्टरांनी प्रत्येकीला तपासून तिची तिची गोळी ठरवून दिलेली असते. महिन्याला गटातली एकच बाई पाळीनं जाते आणि सगळ्यांच्या गोळ्या आणते. ज्यांचा आकडा ताब्यात आहे त्यांनी दवाखान्यात रांग लावायची नाही. ज्यांचा चढलाय त्यांना मात्र त्याच आठवड्यात डॉक्टरकडं पाठवायचं, कारणं ऐकायची नाहीत.

“आणि पुरुष येतात का?” शबानानं मागून विचारलं.

ग्रेस हसत हसत काहीतरी म्हणाली. दुभाषी मुलगी लाजली. “त्या म्हणतायत, बायका त्यांना धरून आणतात.”

सुट्टीचा दिवस उजाडताच मी थेट आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात गेले. आमचा बचत गट सुट्टीच्या दिवशी तिथंच भरतो. सगळ्यांना सांगता सांगता माझा श्वास पुरेना. कोणी म्हणे, मशीन कोण देणार? कोणी म्हणे, चुकीचं मोजलं तर? एक म्हातारी म्हणाली, “अगं, केनिया म्हंजी कुठं आलं? तिथल्या बाईला आपलं दुखणं कसं काय कळलं?”

मशीन प्रकल्पातून मिळालं. काळे मॅडम स्वतः येऊन शिकवून गेल्या. मोजायच्या आधी पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकवायची, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला. पट्टा ब्लाऊजच्या बाहीवरून बांधायचा नाही. आणि एकीची गोळी दुसरीनं घ्यायची नाही, मग आकडा सारखा का असेना. पाच मिनिटं गप्प बसायचं हे आमच्या गटाला सगळ्यात जड गेलं.

पहिल्याच दिवशी मला न्यायला दिलीप आला होता. दारात उभा राहून म्हणाला, “काय चाललंय डॉक्टरीणबाईंचं?” बायांनी त्याला धरून बसवलं. पट्टा मी बांधला. तो सगळ्यांकडं बघून हसत होता. आकडा आला तेव्हा माझं हसू गेलं. थांबून दुसऱ्यांदा मोजलं, दुसऱ्या हाताचंही मोजलं. तोच आकडा, माझ्या आजाराच्या दिवशीच्या जवळपासचा.

“मशीन बिघडलंय,” तो म्हणाला.

“व्हय, मशीनच बिघडलंय,” मी त्याच्या छातीवर बोट ठेवून म्हटलं.

दुसऱ्या दिवशी टेम्पो घरी राहिला आणि तो काळे मॅडमपुढं बसला. माझ्यासारखा इशारा यायच्या आत तो सापडला. त्या गोष्टीचा आनंद कसा सांगू? मी आजारी पडले याचं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाईट वाटलं नाही.

मग शबाना म्हणाली, “हमारे मोहल्ले में भी करना. तुम्हारी बाया आती, हमारी कायको नक्को?” तिच्या घराच्या अंगणात दुसरा गट बसला. मोजायला तीच. मग दौलताबादकडून रोज येणाऱ्या दोन बायांनी गावात तिसरा सुरू केला.

पुढच्या टप्प्याच्या पैशाचा निर्णय घ्यायला बाहेरच्या देशातले लोक आले तेव्हा आम्ही त्यांना एसी खोलीत बसू दिलं नाही. विहारात सतरंजीवर बसवलं. पाच मिनिटं गप्प बसवून प्रत्येकाचं बीपी मोजलं. त्यातल्या एका साहेबाचं वाढलेलं निघालं. तो लाल झाला, मग त्यानंच विचारलं, “मी कोणाच्या गटात येऊ?”

मी त्यांना एवढंच म्हटलं, “तुमचा पैसा आज हाय, उद्या नसंल. आमच्या गोळ्या तर जन्माच्या हायेत. मग तुम्ही गेल्यावर काय?” आरोग्य खात्याचे अधिकारी तिथंच होते. बरीच चर्चा झाली, पुढं अजून बैठका झाल्या. शेवटी दोन्ही गोष्टी झाल्या. प्रकल्प पुढं चालू राहिला आणि गटांच्या गोळ्या आमच्या भागातल्या सरकारी केंद्रातून मिळायला लागल्या. बातमी आली तेव्हा आम्ही लाईनवर होतो. शबानानं वायरची जुडी हवेत फेकली आणि सुपरवायझरनं ती झेलली.

गेल्या महिन्यात पुन्हा सगळ्या देशांची बैठक झाली. या वेळी आमचा पूर्ण गट पडद्यासमोर बसला होता. पेरू नावाच्या देशातल्या काही बाया नवीन आल्या होत्या. त्यांच्यातली एक जण दबक्या आवाजात म्हणाली की त्यांच्या वस्तीत दवाखाना उघडलाय, पण कोणी येत नाही. काय करावं?

ग्रेस पडद्याच्या कोपऱ्यात होती. मला वाटलं तीच बोलेल. तिनं तोंडावर बोट ठेवलं आणि माझ्याकडं हात केला.

मी घसा साफ केला. “ताई, तुमच्या बाया आधीच कुठं जमतात?”

तिकडं कुजबूज झाली. उत्तर आलं, “आम्ही मिळून स्वयंपाक करतो. वस्तीचं एकच मोठं स्वयंपाकघर आहे.”

“झालं तर मग!” आमच्याकडून चार-पाच जणी एकदम ओरडल्या आणि सगळ्याच एकदम बोलायला लागल्या. पट्टा कसा बांधायचा, मशीन कुठं ठेवायचं, नवऱ्यांना कसं बसवायचं. शबाना हिंदीत, म्हातारी मराठीत, कोणी नुसतं हातवारे करून. दुभाषी मुलगी कपाळाला हात लावून म्हणाली, “एकेक करून बोला हो, एकेक करून!”

पेरूची बाई वही-पेन शोधायला उठली. आम्ही थांबलो नाही.