मामांचा गुडघा

ते पत्रक मीच लिहिलं होतं. इंदूरच्या स्नेहलतागंजातल्या आमच्या मंडळाने ते थेट स्टेशनपर्यंत वाटलं. संस्थान गेलं, मध्यभारत राज्य आलं, तरी जुन्या फौजेतून सशस्त्र पोलिसांत घेतलेले शिपाई ढेरी सांभाळत बंदूक वाहतात. जनतेच्या पैशावर पोसलेल्या माणसाला धावता आलंच पाहिजे, त्याची परीक्षा घ्या, असं मी ठणकावलं होतं. पत्रकामुळे की आणखी कशामुळे, पण हुकूम खरोखर निघाला. बूट घालून, रायफल घेऊन मैलभर धावायचं. जमलं नाही तर इंदूरबाहेर नाक्यावर बदली.

माझे मामा त्याच फौजेतले हवालदार. त्यांची मुलगी इथल्या शाळेत मॅट्रिकला बसणार होती.

"काय भिया, पत्रकवाले," मामा हसत म्हणाले, "लिहिलंस ना? आता तूच पळव मला."

मी छाती फुगवून हो म्हटलं. धावण्याची तयारी कशी करतात हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. आमच्या घरांत ताकद म्हणजे तालीम आणि तालीम म्हणजे बैठका. पहाटे मामा आखाड्याच्या मातीत बैठका मारायचे आणि मी कठड्यावरून ओरडायचो, "आणखी, मामा! फौजी ना तुम्ही?" उजवा गुडघा सुजला. मामींनी हळदीचा लेप लावला. "बस करा हो अब, माणूस आहे की मशीन?" त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. सूज येणं म्हणजे अंग तयार होणं, असं मी त्यांना सांगितलं. कुठून आणलं कुणास ठाऊक. पण सांगितलं पत्रकातल्याइतकंच ठामपणे.

परीक्षेच्या सकाळी मी मैदानाच्या तारेबाहेर उभा होतो. पहिल्या वळणापर्यंत मामा बरोबरीने गेले. मग गुडघा मुरगळला. ते पडले नाहीत. रायफल जमिनीला टेकू न देता, लंगडत, सगळे पोचल्यावर पोचले.

बदली मानपूरला झाली. तिथे मुलींना मॅट्रिकची सोय नव्हती, आणि इंदूरला ठेवायचं तर आमच्या एका खोलीत आम्हीच सहाजण. तिची शाळा सुटली.

शिपायाला धावता आलं पाहिजे, हे मी आजही लिहीन. पण त्याला धावायला कोण शिकवणार, सुजलेला गुडघा त्याने कोणाला दाखवायचा, यावर माझ्या पत्रकात एक ओळ नव्हती.

परवा मानपूरला गेलो. मामा नाक्यावर स्टुलावर बसले होते, पाय लांब करून.

"नवीन काय छापलंस?"

खिशातलं पत्रक काढून दिलं. शिपायांना शिक्षक द्या, डॉक्टर द्या, असं त्यात होतं. मामांनी ते चहा घेऊन आलेल्या आपल्या मुलीच्या हाती दिलं. "जोरात वाच बेटा. सवय राहू दे."

इतक्यात ट्रक आला. माझ्या खांद्यावर भार देऊन मामा उठले आणि आडवा बांबू वर करायला गेले. ती वाचत होती, स्वच्छ, कुठेही न अडखळता. मला मान वर करवेना.