लेलँड गाडी चालवत नाही

डोलन गावात गाडी न चालवणारा धडधाकट माणूस एकच, लेलँड व्होबोर्निक. नेब्रास्कातला माणूस एक वेळ चर्चला जायचं सोडेल, पण पिकअप सोडणार नाही. लेलँड मात्र उन्हात आणि हिमात सायकलवरूनच धान्याच्या कोठारावर कामाला जायचा. साठी उलटली तरी त्यात फरक पडला नव्हता. नव्या माणसानं कारण विचारलं की गावकरी आवाज खाली आणत. तरुणपणी नाचाच्या हॉलवरून परतताना यानं एमिल कुचेराला खडीच्या रस्त्यावर उडवलं होतं आणि तो जागीच गेला होता. राज्याच्या राजधानीत, लिंकनच्या तुरुंगात जाऊन आला आणि पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. पश्चात्ताप असावा तर असा, असं म्हणत गावानं त्याला केव्हाच पदरात घेतलं होतं. एमिलची मुलगी रोझ त्याच्या शेजारीच राहायची. तीसुद्धा कुंपणापलीकडून रोज त्याला हात करायची.

खरी गोष्ट दोघांनाच ठाऊक होती. त्या रात्री लेलँड इतका प्यायला होता, की गाडीची चावी त्यानंच धाकट्या बहिणीच्या, आर्लिसच्या हातात दिली. तिच्याकडे परवानासुद्धा नव्हता. एमिल अंधारातून अचानक पुढ्यात आला. शेरीफ पोचेपर्यंत लेलँडनं तिला बाजूला सरकवलं आणि स्वतः स्टिअरिंगमागे बसला. प्यायलो मी, चावी दिली मी, म्हणजे चूक माझी, असा त्याचा साधा हिशोब. आर्लिसला कॉलेजची शिष्यवृत्ती मिळाली होती. ती शिकली, वकील झाली, पुढे सिनेटर झाली. दर नाताळला घरी यायची आणि पडवीतल्या सायकलकडे बघायचं टाळायची.

त्या उन्हाळ्यात पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार, गव्हर्नर क्रेन, उपाध्यक्षपदासाठी जोडीदार शोधत होते आणि आर्लिसचं नाव पुढे आलं. सोयरीक जुळवण्याआधी खानदान धुंडाळतात, तसाच हा प्रकार, फक्त त्याहून निर्लज्ज. कराचे कागद, डॉक्टरचे कागद, जुने प्रियकर, काही म्हणजे काही सोडत नाहीत. आणि इच्छुक मंडळी हसतमुखानं सगळी कपाटं उघडून देतात. सत्तेच्या वासानं शहाण्याचाही खुळा होतो तो असा.

एक दिवस आर्लिसचा फोन आला. मागे माणसांची कुजबुज ऐकू येत होती.

"लेलँड, क्रेनकडून पॉला रेनेल नावाच्या वकीलबाई तुला भेटायला येतील. त्यांना सगळं खरं सांग. आपल्याला काही लपवायचं नाहीये."

त्यानं फोन ठेवला. इतक्या वर्षांनी तिला ते ओझं सोसेनासं झालं असणार, असं त्याला वाटलं. खरं सांगायचं तर त्याला आनंदच झाला.

पॉला आली ती लेकीसारखी. त्यानं आईच्या पद्धतीनं भाजलेली खसखशीची कोलाची, म्हणजे गोड बन, तिनं दोनदा मागून खाल्ली. वही काढली नाही, की पेन काढलं नाही. आर्लिसच्या लहानपणाबद्दल विचारत विचारत ती त्या रात्रीपाशी आली. लेलँड घुटमळला, तेव्हा तिनं त्याच्या हातावर हात ठेवला.

"मिस्टर व्होबोर्निक, निवडणूक तोंडावर आली की विरोधक हे खणून काढणारच. आम्हाला आधी कळलं, तर आम्ही तुमच्या बहिणीला सांभाळून घेऊ."

लेलँडनं सांगितलं. चावीपासून शेरीफपर्यंत सगळं. पॉलानं बोटांवरची खसखस सावकाश पुसली.

"हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही."

"मग तसंच राहू दे," ती म्हणाली आणि त्याच्या पाककृतीची पुन्हा तारीफ करून निघाली. तिची गाडी धुळीत दिसेनाशी झाल्यावर लेलँडनं उरलेली कोलाची झाकून ठेवली.

क्रेननी दुसऱ्याच कुणाला तरी निवडलं. त्याच संध्याकाळी आर्लिसचा फोन आला. तिला एकच विचारायचं होतं, की तू पॉलाला काय सांगितलंस. त्यानं सांगितलं, तूच म्हणालीस ना, सगळं खरं.

"क्रेनची माणसं माझ्यासमोर बसली होती, लेलँड," ती म्हणाली. "त्यांच्यासमोर मी दुसरं काय बोलणार होते?"

सोयरीक मोडली की माणसं एकमेकांचं तोंड बघत नाहीत, झालं. इथे मात्र ज्यानं नाकारलं त्यालाच तुमची सगळी अंडीपिल्ली ठाऊक असतात. आणि क्रेन पुढे निवडून आले.

हिवाळ्यात क्रेनना हवा असलेला तेलाच्या पाइपलाइनचा कायदा मतदानाला आला. पाइपलाइन रोझच्या शेतातून, तिच्या विहिरीला खेटून जाणार होती. डोलनच्या चर्चच्या हॉलमध्ये आर्लिसनं रोझचा हात धरून शब्द दिला होता, की माझ्या जिवात जीव असेपर्यंत हे होऊ देणार नाही. लेलँडनं मतदान टीव्हीवर पाहिलं. बहिणीनं कायद्याच्या बाजूनं मत दिलं आणि कॅमेऱ्याकडे न बघता ती खाली बसली.

पुढच्या रविवारी ती आली. चेहरा पार ओढलेला. लेलँडनं कॉफी ओतली आणि विचारलं, "धमकी दिली त्यांनी?"

"कुणी काही बोललंच नाही. मतदानाच्या आदल्या दिवशी पॉला सहज भेटायला आली होती. तुझी चौकशी केली. तुझ्या कोलाचीची चव अजून जिभेवर आहे म्हणाली."

लेलँड उठला आणि त्यानं टोपी चढवली. "मी आत्ता रोझकडे जातो. सगळं सांगून टाकतो. मग त्यांच्या हातात काही उरायचं नाही."

"मतदानाआधी गेला असतास तर चाललं असतं," आर्लिस हळू आवाजात म्हणाली. "आता तिला हेसुद्धा कळेल, की मी तिची विहीर कशासाठी विकली." मग कपात बघत म्हणाली, "आणि पुढच्या महिन्यात अजून एक मतदान आहे."

लेलँड टोपी घालून दारातच उभा राहिला. कुंपणापलीकडे मोजणीवाल्यांनी रोझच्या शेतात नारिंगी निशाणं रोवली होती. त्यांच्यामधून वाट काढत रोझ विहिरीकडे चालली होती. तिनं त्याला पाहिलं आणि नेहमीसारखा हात केला.

लेलँडनंही केला.