छान झालंय, काकू

"थांब, हात नको लावू. आधी पाह्य."

ताट समोर ठेवलं की काकूंचं हे वाक्य ठरलेलं. मग ओल्या फडक्याच्या टोकाने त्या ताटाची कड पुसायच्या, वाटी बोटभर डावीकडे सरकवायच्या, मान तिरकी करून बघायच्या आणि पुन्हा होती तिथे आणून ठेवायच्या. पोटात कावळे ओरडत असले तरी तोवर आपण हात मांडीवर ठेवून बसायचं. तुमच्याही कॉलनीत अशी एखादी बाई असेल. असेल तर तिच्याकडे जरा नीट लक्ष द्या. मी दिलं होतं, आणि तरी गप्प बसले, म्हणून सांगते आहे.

आमच्या हुडको कॉलनीत त्या माझ्या अगदी शेजारी राहायच्या. माहेर भंडाऱ्याकडचं. काका स्टील प्लांटमधून रिटायर झालेले, मुलगा पुण्याला. दर रविवारी काकू चार घरांत ताट द्यायच्या. ताट कसलं, रांगोळीच ती. कोथिंबिरीच्या सांबारवडीचे काप फुलासारखे गोल मांडलेले, भाताची मूद, त्यावर वडा, बिटाच्या कोशिंबिरीवर एकेक करून ठेवलेले डाळिंबाचे दाणे. अहो, आमच्याकडे भाजीचं पातेलंच टेबलावर येतं, त्यामुळे मला त्यांचा हेवाच वाटायचा.

ताट निघण्याआधी कॉलनीच्या ग्रुपवर टाकायला फोटो. उजेड सारखा पडावा म्हणून काका पांढरा थर्माकोल धरून व्हरांड्यात उभे. सगळा जन्म प्लांटमध्ये क्रेन चालवलेला माणूस, पण इथे बोलणी खायचा. "तिरपं धरा नं जी, सावली पडून राहिली," काकू म्हणायच्या, आणि ते मुकाट्याने तिरपं धरायचे.

काकूंचा एक नेम होता. रांधताना त्या काहीही चाखत नसत. आधी देवाला नैवेद्य, मग लोकांची ताटं, मग काका, आणि सगळ्यांत शेवटी त्या स्वतः. मीठ कळतं कसं, असं मी एकदा विचारलं होतं. त्यांनी नाकावर बोट ठेवलं. उकळीचा वास घेतला की मीठ कमी का जास्त ते समजते, म्हणाल्या. आणि खरंच, त्यांचा अंदाज कधी चुकला नाही.

मग मागच्या हिवाळ्यात त्यांना मोठा ताप आला. पंधरा दिवस अंथरुणात होत्या. उठल्या आणि रविवारची ताटं पुन्हा सुरू झाली, पूर्वीपेक्षाही देखणी. काकू ताट ठेवून पुढच्या घरी गेल्यावर पहिल्याच ताटातली आमटी मी तोंडात घातली आणि बेसिनकडे पळाले. नुसतं मीठ. म्हटलं, होतं एखाद्या वेळी. पुढच्या रविवारी पुरणपोळीवरचं तूप खवट निघालं. त्याच्या पुढच्या रविवारी खीर नासलेली, वर केशराच्या काड्या मात्र नीट ओळीत.

ग्रुप उघडला तर सगळ्यांचे हात जोडलेले आणि फुलं. "वाह काकूजी." "क्या बात है." मीही लिहिलं, "छान झालंय, काकू." खीर मोरीत ओतली होती, आणि बोटं हे लिहीत होती. बाकीच्या तिन्ही घरांतही तेच चाललं होतं, हे मला फार उशिरा कळलं. अन्नाला नावं ठेवायची नाहीत, असं लहानपणापासून आमच्या अंगात मुरलेलं. शिवाय एवढ्या मायेने आणून देणाऱ्या बाईला तोंडावर कसं सांगायचं?

एका दुपारी मी त्यांच्याकडे मिक्सरचं भांडं मागायला गेले. दारातच करपल्याचा वास नाकात भरला. स्वयंपाकघरात धूर. आणि काकू बाहेरच्या खोलीत, अगदी निवांत, ताटलीत गुलाबाच्या पाकळ्या लावत बसलेल्या. मी आत धावले, गॅस बंद केला. दूध आटून पातेल्याला काळा थर धरला होता. मागून काकू आल्या, पातेलं बघितलं आणि त्यावर वाकून हुंगलं.

"मले कशाचाच वास नाही येत," त्या म्हणाल्या. "तापापासून. तोंडालेही चव नाही. तू कोणाले सांगू नको, माय. काकालेही नको."

मी म्हटलं, अहो, डॉक्टरला दाखवू.

"मंग माझ्या हातचं कोण खाईन?" त्यांनी माझा हात घट्ट धरला होता. "ताट नाही गेलं तर माझ्या दारात कोण येते, सांग बरं. पोरगा तिकडं. हे दिवसभर पेपर वाचते."

मला त्यांची दया आली, आणि तीच नडली. मी शपथ घेतली. निघताना मनात आलंच, म्हणून विचारलं, सिलिंडरचा वास तरी येतो का? बटन दोनदा पाह्यते ना मी, म्हणाल्या. माझा जीव भांड्यात पडला. खरं तर पडायला नको होता. पण मला तेच ऐकायचं होतं.

त्यानंतर मी भिंतीला कान लावून जगू लागले. पलीकडे भांडं वाजलं की बरं वाटायचं. शांतता झाली की मी काहीतरी निमित्त काढून जायची, गॅसची बटनं बघून यायची. उन्हाळा गेला, पावसाळा निम्मा सरला. काही झालं नाही. मग मी रोज जायची ती दोन दिवसांनी जाऊ लागले.

महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस उजाडला. काकूंकडे सोळा भाज्यांचं ताट, सगळी कॉलनी बघायला येणार. काका सकाळीच कॅम्प-१ च्या बाजारात केळीची पानं आणायला गेले होते. मी अंगणात दोरीवरचे कपडे काढत होते तेव्हा मला वास आला. अगदी स्पष्ट आला. घरोघर स्वयंपाक चाललेत, कोणीतरी सिलिंडर बदलत असेल, असं म्हणून मी कपडे घेऊन आत गेले.

मागाहून कळलं ते एवढंच. खिरीचं दूध उतू गेलं आणि आच विझली. गॅस तसाच चालू राहिला. काकू बाहेरच्या खोलीत महालक्ष्म्यांसमोर ताटाभोवतीची फुलं लावत होत्या. ती मनासारखी झाली तेव्हा त्या निरांजन लावायला आत गेल्या. देव्हारा स्वयंपाकघरातच होता. त्यांनी काडी ओढली.

आमच्या खिडकीच्या काचा फुटून पलंगावर पडल्या. आवाज कुठून आला, हे मला कोणाला विचारावं लागलं नाही. दवाखान्यात त्या दोन दिवस होत्या. मला आत सोडलं नाही.

तेरवी झाली, मुलगा पुण्याला परतला, तेव्हा मी काकांकडे गेले. ते व्हरांड्यात बसले होते. आज सगळं सांगून टाकायचं, असं ठरवूनच मी घरून निघाले होते. शब्दही जुळवले होते. पण बोलायला सुरुवात त्यांनीच केली.

"एक विचारू का, बाई? हिवाळ्यापासून मले तिच्या हातचं कधी खारट लागे, कधी नासकं. तिले म्हटलं तं ती मोबाईल दाखवे, पाहा, सारी कॉलनी काय म्हणून राहिली. मी म्हटलं, माझीच जीभ गेली. डॉक्टरकडं जाऊन आलो मी. गोळ्या चालूच आहेत. तुमाले तं चांगलंच लागत होतं ना?"

त्यांचे डोळे माझ्या तोंडाकडे लागलेले.

"हो काका," मी म्हणाले. "छान व्हायचं."

त्यांनी मान डोलावली. मग शर्टाच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढली, एक गोळी जिभेवर ठेवली आणि पाणी प्यायले.