पळसदरीचं कोमट पाणी

स्विमिंग पूलचे हीटर दुरुस्त करणाऱ्या माणसाला किस्से शोधत फिरावं लागत नाही. कर्जत-खालापूरकडच्या फार्महाऊसवर हीटर बसवतात ते स्वयंपाकघराच्या मागे, कारण पाहुण्यांना आवाज नको. मी तिथं पाना घेऊन बसलो की घरातलं सगळं फुकटात ऐकू येतं, आणि मी काही कान झाकून काम करत नाही.

त्यात माझं लाडकं घर पळसदरीचं. दिलीपदादा, वंदनावहिनी आणि दादाची आई. शेताच्या कडेला खोल्या बांधल्या, पूल काढला आणि यांनी होमस्टे सुरू केला. खरं सांगतो, अशी माणसं धंद्यात कमी भेटतात.

*

हीटर बसवला पाहुण्यांसाठी, पण जास्त फायदा झाला आईला. गुडघ्यांनी बेजार झाली होती, काठी घेऊनही अंगण ओलांडता येईना. डॉक्टर म्हणाले, कोमट पाण्यात चालवा. वहिनी रोज सकाळी तिला उथळ बाजूला उतरवायची. आई कठडा धरून कमरेइतक्या पाण्यात चालायची आणि म्हणायची, "पाण्यात माझं वजनच नाय गं!"

मग पहिलं लाईट बिल आलं. पूल उघडा आणि हीटर दिवसरात्र चालू, दुसरं काय होणार? दादा स्वयंपाकघरात ओरडला, "आपण पूल तापवतोय का समुद्र?"

भिंतीच्या अलीकडे मी होतो आणि पलीकडच्या खोलीत आई. दोघांनीही ऐकलं.

दुसऱ्या दिवशी आईनं जाहीर केलं, "माझं गुडघं बरं हाय आता. मी नाय पाण्यात जायची." गुडघे कसले बरे? खुर्चीतून उठताना ओठ आवळून धरायची बिचारी.

*

वहिनी नवऱ्याशी भांडली नाही. तिनं मला फोन केला. "महेशभाऊ, ह्या मशीनला कमी खायला घालून कसं जगवायचं, तेवढं सांगा."

मी म्हणालो, हा हीट पंप आहे, बाहेरच्या हवेतली ऊब ओढून पाण्यात सोडतो. हवा गरम असते तेव्हा, म्हणजे दुपारी चालवा, कमी विजेत काम होतं. आणि तापलेलं पाणी झाका, कारण ऊब वरूनच पळते.

"म्हंजे चहा झाकून ठेवतो तसं. येवढंच ना?"

एवढंच. काही गिऱ्हाइकांना हे समजवायला मला दोन सीझन लागलेत.

*

कव्हर आलं आणि अख्ख्या वाडीचा त्याच्यावर डोळा. अवकाळीचे ढग दिसले तसे शेजारचे काका धावत आले. "वंदना, भात झोडायचा राह्यलाय. तुज्या पुलाची चादर दे की दोन दिस."

"काका, तुमाला आमची ताडपत्री देते, दोरी देते, धरायला मी सोता येते. पण पुलाचं पांघरूण नाय मिळायचं."

आणि खरंच गेली की हो! काकांचा भात झाकून आली, मग चहा टाकला.

*

पुलाच्या टोकाला दादानं हौसेनं धबधबा केला होता. पाणी असं उडत राहिलं की थंड होतं, असं मी सांगितलं, त्याच दिवशी वहिनीनं धबधबा बंद केला.

शनिवारी मुंबईची पार्टी आली. एक बाई तणतणल्या, "फोटो में तो वॉटरफॉल था!"

"है ना," वहिनी म्हणाली. "आप खडे रहो, मैं छोडती हूँ." बटण दाबलं, फोटो झाला, बटण बंद. आता पाहुणेच केस नीट करून हाका मारतात, "वहिनी, धबधबा सोडा!"

*

पुढचं बिल निम्म्याच्या खाली आलं, तेव्हा मी तिथंच होतो. वहिनीनं ते नाचत नेऊन आईला दाखवलं. "आता तरी चला पाण्यात."

आई म्हणाली, "तेवढं तरी माज्यापायी कशाला गं?" आणि तोंड फिरवलं. दादा दारातच उभा होता. त्याचा चेहरा मला बघवेना. तोंडातून गेलेला शब्द परत कसा घ्यायचा, हे त्यालाही कळत नव्हतं.

*

थंडीत एकदा आठवड्याच्या मधल्या वारी मी फिल्टर साफ करायला सकाळीच गेलो. पाहुणा एकही नाही, धुकं उतरलेलं, आणि हीट पंपाचा पंखा घोंघावतोय. वहिनीच्या राज्यात सकाळी हीटर? बंद करायला धावलो तर पुलात दिलीपदादा. पोहता येत नाही म्हणून जो माणूस पायरीवरसुद्धा बसत नाही, तो पॅन्ट-शर्टासकट पाण्यात उलटा चालतोय आणि त्याचे दोन्ही हात धरून समोर आई.

"मशीन चालू हाय ना रं?" आई त्याला विचारत होती. "खरं सांग."

दादानं माझ्याकडं बघितलं. "आई, ते महेश टेस्टिंग करतोय. टेस्टिंगचं बिल येत नाय."

आई पाण्यातच थांबली. "खरं का रं महेश?"

"हो आई," मी म्हणालो. "ह्या मॉडेलला रोज करावं लागतं. थंडी संपेपर्यंत."

आईनं माझ्याकडं बघितलं, मग पंख्याकडं, मग लेकाच्या भिजलेल्या शर्टाकडं.

"मग सावकाश कर रं," ती म्हणाली. "आमाला घाई नाय."