झाडूमास्तरची कवळी

म्हाताऱ्याचा प्राण सकाळी गेला आणि आईने सगळ्यात आधी विचारलं ते कवळीचं. "जबडा आखडायच्या आत बसवा रे. बोळक्या तोंडानं मी त्यांना घराबाहेर जाऊ देणार नाही." बहिणीने कपातली कवळी काढून दोनदा प्रयत्न केला. बसेना. तिने ती थोरल्यापुढे धरली, तसा थोरला भिंतीपर्यंत मागे सरकला. त्या तोंडातले पुढचे दात यानेच पाडले होते, आणि तेव्हापासून बाप कवळी धुवायला काढू लागला की हा खोलीतून उठून जायचा.

म्हाताऱ्याचा हात पोरवयापासूनच सैल. मिसरूड फुटायच्या आत सख्ख्या काकाचं नाक फोडून पळाला, तो थेट नौदलात. लढाऊ जहाजाच्या पोटात, इंजिनरूममध्ये त्याला घातलं. तिथे आल्या आल्या त्याने शब्दावरून दोघांना लोळवलं. तिसऱ्याने मात्र याला असा धुतला की त्यातून दोघे जन्माचे दोस्त झाले. हा तिसरा दिसेल त्या पत्र्यावर बोटांनी ठेका धरायचा, म्हणून त्याचं नाव तबला.

लढाईत जहाजावर गोळा पडला. दिवे फुटले, शिडी वाकली आणि कुठेतरी कर्कश शिट्टी सुरू झाली. वाफेचा पाइप चिरला होता. चहाच्या किटलीतून निघते ती वाफ पांढरी दिसते, कारण ती गार पडू लागलेली असते. इंजिनाची वाफ इतकी तापलेली आणि इतक्या दाबाखालची की ती दिसतच नाही, आणि आडवं येईल ते कापते. तबला व्हॉल्व्ह बंद करायला धावला आणि पोटात फाटला. ओरडायलाही त्याला सवड मिळाली नाही. मागून येणाऱ्या याचा पाय आतड्यांवरून घसरला, तेव्हा कळलं काय झालं ते. मग याने इंजिनरूमची रीत धरली. झाडू उचलला आणि तो समोर वरखाली हलवत पुढे निघाला. एका जागी झाडूचं टोक खटकन उडालं. वाफ तिथे होती. तिच्या खालून पोटावर सरपटत जाऊन त्याने व्हॉल्व्ह आवळला. त्याला वर डेकवर काढून शर्ट उतरवला, त्याबरोबर पाठीचं कातडंही आलं.

नौदल सुटलं, पण झाडू सुटला नाही. कागदाच्या कारखान्यात बॉयलरवर नोकरी लागली, लग्न झालं, मुलं झाली. कुकर जरा जास्त फुसफुसला की हा झाडू पुढे धरून स्वयंपाकघरात शिरायचा. आई शेजारणींना सांगायची, मला वाटलं लढवय्या नवरा मिळाला, हा तर केरसुणी घेऊन लढतो. कारखान्यात त्याला झाडूमास्तर म्हणत. संसाराला माणूस पक्का. मुलीच्या वेण्या तोच घालायचा, दोरखंडासारख्या घट्ट. पोरं तापली की उशाशी बसून राहायचा. आणि तोच माणूस खिळ्यावरचा पट्टा काढून थोरल्याला असा सोलायचा की शेजारी दार बडवत. गॅस चालू ठेवून खेळायला गेला, पट्टा. आत न बघता दार ढकललं, पट्टा. कशासाठी मारलं, ते कधी सांगितलं नाही.

थोरला मोठा होऊन त्याच कारखान्यात लागला. आता एकदा जरी हात उचलला तर बाप म्हणून बघणार नाही, असं त्याने आईला बजावून ठेवलं. आईने ते नवऱ्याच्या कानावर घातलं.

"अंगठा मुठीबाहेर ठेव म्हणावं," तो जेवता जेवता म्हणाला, "नाहीतर मोडून घेईल."

एका दुपारी टर्बाइनच्या गाळ्यात ती शिट्टी सुरू झाली. डोळ्यांना काहीच दिसेना. थोरल्याला वाटलं, आवाज लांबचा आहे. तो व्हॉल्व्हकडे धावत सुटला. बाप मागून ओरडत होता, पण टर्बाइनच्या घरघरीत ते कोणाला ऐकू येणार? तेवढ्यात थोरल्याच्या गुडघ्यावर बापाच्या झाडूचा दांडा आडवा बसला. वाटी सरकली, तो तोंडावर आपटला. पाळीवरचे सगळे कामगार बघत होते. गुडघ्यापेक्षा तेच जास्त झोंबलं. तो एका पायावर उठला, वळला आणि बापाच्या तोंडावर ठोसा हाणला. अंगठा मुठीबाहेर होता. मग दुसरा, मग तिसरा. ओठ फाटला, दात हनुवटीवरून ओघळले. बाप हात उचलेना, मागेही हटेना. एका हाताने त्याने पोराची कॉलर गच्च धरून ठेवली होती. रक्त थुंकत त्याने दुसऱ्या हातातला झाडू पोराच्या खांद्यावरून पुढे नेला. टोक खटकन उडालं, छपराच्या पत्र्यावर आदळलं आणि थोरल्याच्या मानेवर गरम काटक्या पडल्या.

वाफ त्याच्या पाठीमागे वीतभर अंतरावर होती. बापाने एक ठोसा परत दिला असता, तर पोरगा मागे कोलमडून दोन तुकडे झाला असता.

बापाने त्याला कॉलर धरून खाली पाडलं, त्याच्या अंगावरून सरपटत गेला आणि व्हॉल्व्ह बंद केला.

दात किडलेलेच होते, असं तो सगळ्यांना सांगायचा. पट्टा खिळ्यावरून परत निघाला नाही. थोरला जन्माचा लंगडा झाला, त्याची पोरं मोठी झाली, पण 'अण्णा, चुकलं' एवढं काही तोंडातून निघालं नाही. कधी निघणार असं दिसलं, की म्हातारा झाडू घेऊन उठायचा.

"बघत काय बसलास?" आई म्हणाली. "डावीकडे अडतंय. तिथं ओठ आतून शिवलाय."

थोरला लंगडत पुढे आला. बहिणीच्या हातातून कवळी घेतली. ओठ गार झाला होता. अंगठ्याने उचलला तर आत टाक्यांची जुनी, टणक गाठ लागली. त्याचा हात थांबला.

"जोर लाव," आई म्हणाली. "आता दुखत नाही त्यांना."

त्याने आधी डावी बाजू गाठीखालून सरकवली, मग टाळूला दाबली. कवळी कट्‌ करून बसली आणि आखडत आलेला जबडा त्याच्या अंगठ्यावर मिटला. बहिणीने सोडवायला हात पुढे केला, तर थोरल्याने तिला कोपराने बाजूला सारलं. अंगठ्यावर दात रुतले, तरी तो तसाच बसून राहिला.